वुल्स्थॉर्पचं घर, साल १६६६ : प्रकल्प नोंदी

२ फेब्रुवारी २०२५

वाचनालयाच्या बैठकीत आज होकार मिळाला. विज्ञान दालनातल्या मधल्या टेबलावर न्यूटनच्या घराची प्रतिकृती ठेवायची. खर्च लाकडाचा, चुन्याचा आणि सुतारकाकांच्या मजुरीचा. बाकी काम माझं.

दालनात न्यूटनचं चित्र आहेच, डोक्यावर सफरचंदासकट. पण वर्षानुवर्षं तिथं येणाऱ्या मुलांना बघून मला एक गोष्ट सलत आली आहे. त्यांच्या डोळ्यांसमोर झाड येतं, घर येत नाही. झाडामागे दगडी शेतघर होतं, गोठा होता, मेंढ्या होत्या, कुंपण होतं. तो पोरगा त्या घरात जन्मला, तिथंच त्याला सोडून आई दुसरीकडे नांदायला गेली, तिथंच तो नांगराच्या कामाला नालायक ठरला आणि तिथंच दोन वर्षांत त्यानं जगाचा हिशेब बदलला. घर दाखवल्याशिवाय हे कसं सांगायचं?

२०२३ च्या सप्टेंबरात लेकीकडे लेस्टरला होते, तेव्हा जावयांनी गाडीनं नेलं होतं. लिंकनशरमधल्या ग्रँथम गावाच्या दक्षिणेला, कोल्स्टरवर्थजवळ. त्या दिवशी काढलेली १४० छायाचित्रं आणि वहीतली टाचणं एवढ्यावर काम सुरू करते आहे.

प्रमाण १:५०. म्हणजे माणूस साधारण साडेतीन सेंटिमीटरचा, मेंढी दीड सेंटिमीटरपेक्षा थोडी कमी. सफरचंद मोहरीएवढं.

५ फेब्रुवारी

पहिला आणि सगळ्यांत मोठा प्रश्न: कुठल्या सालचं घर करायचं?

आज दिसतं ते घर चारशे वर्षांची भर-तूट घेऊन उभं आहे. ते जसंच्या तसं करणं सोपं, छायाचित्रं समोर आहेतच. पण मग मुलांना संग्रहालय दिसेल, न्यूटनचं घर नाही. दोन दिवस विचार केला आणि १६६६ धरलं. प्लेगमुळे केंब्रिज बंद पडलं म्हणून १६६५ च्या उन्हाळ्यात तो घरी आला. मध्ये काही महिने परत जाऊन आला आणि १६६७ च्या वसंतापर्यंत बराच काळ घरीच होता. वय २३. (त्याच १६६६ च्या श्रावणात महाराज आग्र्याहून निसटले. मुलांना साल लक्षात राहायला ही खूण पुरेशी आहे.)

साल ठरलं की नियम आपोआप ठरतो. १६६६ नंतरचं जे असेल ते काढायचं. १६६६ ला तिथं होतं आणि आता नाही, ते परत आणायचं.

९ फेब्रुवारी

काढायच्या गोष्टींची यादी करायला बसले. पहिलीच सापडली ती दारावरची शिळा. तिच्यावर न्यूटन घराण्याचं चिन्ह आहे, फुलीसारखी ठेवलेली दोन नडगीची हाडं, आणि 'सर' आयझॅक न्यूटन या मॅनरमध्ये २५ डिसेंबर १६४२ ला जन्मले, असा मजकूर. त्याला 'सर' ही पदवी राणी ॲननं १७०५ मध्ये दिली. म्हणजे शिळा त्यानंतरचीच. काढली.

वरच्या मजल्यावर जन्माच्या खोलीतली संगमरवरी पाटी १७९८ ची. तीही गेली.

जन्मतारखेचं जाता जाता: तेव्हा इंग्लंडात जुनी पंचांगपद्धत होती. आजच्या हिशेबानं ती ४ जानेवारी १६४३ होते. प्रतिकृतीच्या पाटीवर दोन्ही तारखा लिहाव्या लागतील, नाहीतर पहिल्याच दिवशी कोणीतरी मास्तर चूक काढतील.

१६ फेब्रुवारी

आराखडा कागदावर उतरला. घर वरून इंग्रजी 'टी' अक्षरासारखं आहे. टीची आडवी रेघ पुढे, बागेकडे तोंड करून. उभी रेघ मागे. दर्शनी भागात मधे दार. आत गेलं की एका अंगाला हॉल, दुसऱ्या अंगाला पार्लर. 'हॉल' म्हटल्यावर आपल्याला लग्नाचं कार्यालय आठवतं, पण इथला हॉल म्हणजे आपलं माजघर: मोठी चूल, जेवण, गडीमाणसांची ऊठबस, हिशेब, सगळं तिथं. पार्लर म्हणजे राखून ठेवलेली बरी खोली. वर निजायच्या खोल्या, त्यांच्याही वर छपराखालचा माळा.

'मॅनर' या शब्दानं मी स्वतः बरीच वर्षं फसले होते. मला वाटायचं मोठा वाडा असेल. प्रत्यक्षात बेताचं शेतकऱ्याचं घर आहे. मॅनर हा जमिनीवरचा, कुळांवरचा आणि गावातल्या छोट्या न्यायसभेवरचा हक्क, आपल्या वतनाच्या जवळ जाणारा. न्यूटनच्या आजोबांनी, रॉबर्ट न्यूटननी, १६२३ मध्ये तो विकत घेतला. घराणं शेतकऱ्याचंच राहिलं. रॉबर्टच्या मुलाला, म्हणजे न्यूटनच्या बापाला, सहीसुद्धा करता येत नव्हती, तो खूण करायचा. मुलगा जन्मायच्या तीन महिने आधी तो वारला, तेव्हा झालेल्या मालमत्तेच्या यादीत २३४ मेंढ्या आणि ४६ गुरं आहेत.

२३४ मेंढ्या! साध्या शेतकऱ्याच्या कळपाच्या कितीतरी पट. या आकड्यानं माझा सगळा आराखडा बदलला. टेबलावर अर्धी जागा घराला आणि अर्धी अंगण-कोठाराला द्यायची, हे आज पक्कं केलं.

२३ फेब्रुवारी

दगड.

त्या घराचा दगड मी हाताला लावून पाहिला होता, आणि ते मी विसरणार नाही. लांबून भिंत फिक्या मधासारखी, कुठं करडी. जवळ गेलं की दगडात बारीक बारीक गोल दाणे दिसतात, अगदी माशाच्या गाभोळीसारखे. सुमारे १७ कोटी वर्षांपूर्वी तिथं उबदार उथळ समुद्र होता. तळाशी वाळूचे कण लाटांनी मागेपुढे लोळायचे आणि प्रत्येकावर चुन्याचे थर चढायचे. त्या गोळ्या एकमेकांना चिकटून लिंकनशरचा चुनखडक झाला. दगडात मधूनच शिंपल्याचा तुकडा उघडा पडलेला असतो. मी नखानं चाचपला तर नखाला पिठासारखी भुकटी लागली.

आम्ही वाईची माणसं काळ्या दगडात वाढलो. आमचा दगड लाव्ह्याचा, साधारण साडेसहा कोटी वर्षांचा, घाट असो की वाडा, छिन्नीला दाद न देणारा. त्यात चुना नाही. म्हणून आमच्याकडे दगड एका ठिकाणचा आणि चुन्याची खडी नदीनाल्यातून, शेतातून वेगळी गोळा केलेली. तिकडे पायाखालून निघालेला एकच दगड: घडवला की भिंत, भट्टीत भाजला की चुना. भिंत आणि तिचा सांधा ही एकाच खाणीतली भावंडं. म्हणूनच तिकडच्या जुन्या घराचा रंग इतका एकजीव दिसतो, असं मला वाटतं.

आता प्रतिकृतीला रंग कुठून आणायचा? पोस्टर कलर नको. आज साताऱ्याच्या फरशीवाल्याकडे गेले आणि पिवळ्या जैसलमेरच्या कापणीची भुकटी मागितली. दोन पोती फुकट दिली. जैसलमेरचा पिवळा दगडही जुरासिक काळातला समुद्री चुनखडकच. रंग जास्त पिवळा आहे, पण विरलेल्या चुन्यात मिसळल्यावर उतरेल.

२ मार्च

सुतारकाकांकडे सांगाडा करायला दिला. त्यांचा पहिलाच प्रश्न: "बाई, भिंती एवढ्या जाड कशाला? साहेबाकडे लाकूड कमी होतं काय?"

त्यांना सांगितलं की ही भिंत म्हणजे दोन भिंती आहेत. बाहेरून एक दगडी थर, आतून एक, मधे खडी आणि चुना ठासलेला. मधूनमधून आरपार जाणारे लांब दगड, दोन्ही थरांना धरून ठेवायला. ते म्हणाले, "मग हे आपलंच की. आमच्या आज्याच्या घराची भिंत अशीच होती, चिऱ्याला चिरा बांधून."

कोपऱ्यांचे दगड मात्र मोठे आणि घडीव, एक लांब बाजू पुढे तर वरचा लांब बाजू आड, असे गुंफलेले. भिंत अनघड दगडाची असली तरी कोपरा, दाराची चौकट आणि खिडक्या यांना पाथरवटाचा हात लागतोच. पैसा तिथं खर्च झालेला दिसतो.

९ मार्च

खिडक्या. या घराचा चेहरा खिडक्यांत आहे, म्हणून पूर्ण आठवडा त्यांना दिला.

खिडकी म्हणजे आडवं भोक, त्यात दगडाच्या उभ्या दांड्या घालून दोन किंवा तीन कप्पे केलेले. दांड्यांना तिरपी धार, म्हणजे जाड भिंतीतूनही उजेड आत पसरतो. कप्प्यात काच, पण अखंड नाही: लहान तुकडे शिशाच्या पट्टीनं जोडलेले. पुढच्या शतकात सगळ्या इंग्लंडात वर-खाली सरकणाऱ्या उंच लाकडी खिडक्यांची लाट आली आणि कितीतरी जुन्या घरांचे हे दगडी चेहरे फोडले गेले. हे घर बऱ्याच अंशी वाचलं. त्याचं कारण मला उघड दिसतं. न्यूटन लंडनला राहायला गेला आणि घर कुळांच्या हातात राहिलं. फॅशन करायला इथं कोणाला गरजही नव्हती आणि पैसाही नव्हता.

दांडी १:५० ला तीन मिलिमीटरपेक्षा बारीक होते. लाकडात तुटते. पितळी पट्टी घासून केली आणि वर चुन्याचा हात दिला.

१८ मार्च

वाईट दिवस. पुढच्या भिंतीवर चुन्याचा थर चढवून परवा अंगणात ठेवला होता. आज पाहते तर डाव्या कोपऱ्यापासून वरच्या खिडकीपर्यंत केसासारख्या भेगा, आणि बोट लावलं तर पापुद्रा सुटतो. मार्चचं वाईचं ऊन. माझी चूक. चुना सिमेंटसारखा पाण्यानं धरत नाही, हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन पुन्हा दगड होतो, आणि त्याला वेळ व ओलावा लागतो. भरभर वाळला तर नुसती भुकटी उरते.

सगळा थर खरवडून काढला. नव्या मिश्रणात एक भाग चुना, अडीच भाग भुकटी, आणि तागाचे तंतू अगदी बारीक कातरून. तिकडे गिलाव्यात गुरांचे आणि घोड्याचे केस घालतात, काम तेच. पातळ हात, ओलं गोणपाट, सावली. सकाळ-संध्याकाळ पाणी.

१ एप्रिल

भिंत धरली. नखानं ओरखडत नाही.

दर्जा, म्हणजे दगडांमधले सांधे, भरताना एक गोष्ट आवर्जून केली. चुना दगडाच्या कडांच्या बरोबरीनं ठेवला, बाहेर आलेली उठावदार पट्टी काढली नाही. अशा भिंतीत सांधा दगडापेक्षा मऊ असावा लागतो. पावसाचं पाणी भिंतीत जातंच. ते सांध्यातून बाहेर पडतं आणि झिजायचंच तर सांधा झिजतो. शंभर वर्षांनी दर्जा पुन्हा भरता येतात. तिथं कडक सिमेंट भरलं की पाणी दगडात अडकतं, थंडीत गोठतं आणि दगडाचा तोंडवळाच फुटून गळतो. इंग्लंडात कितीतरी शेतघरांचं हे झालं. आमच्या वाड्यांचंही होतंच आहे, फक्त आमचा दगड कडक म्हणून तो तग धरतो आणि मधला चुना मरतो. ज्यांच्या घरी जुनी चुन्याची भिंत आहे त्यांना हात जोडून सांगते, सिमेंटचा गवंडी बोलावण्याआधी थांबा.

१३ एप्रिल

छप्पर. त्या पट्ट्यातल्या जुन्या घरांवर कॉलीवेस्टन गावची दगडी कौलं दिसतात, तीच धरली. ती करायची रीत फार सुंदर आहे. खाणीतून काढलेला चुनखडक थंडीत उघड्यावर पसरून ओला ठेवायचा. थरांत शिरलेलं पाणी गोठतं, फुगतं आणि दगड स्वतःहून पातळ पानांत उकलतो. माणूस फक्त पाणी घालतो, फोडणं थंडीचं.

बसवताना मोठी कौलं खाली वळचणीला आणि वर आढ्याकडे लहान होत जाणारी. वजन आणि पाण्याचा लोट दोन्ही खाली जास्त, म्हणून. मी पुठ्ठ्याचे अकरा मापांचे तुकडे कापले. सुतारकाकांच्या नातवानं चार रविवार बसून एकूण १,९०० चिकटवले.

धुराडी मोजून ठेवली. १६६२ पासून इंग्लंडात चुलीवर कर होता, प्रत्येक चुलीमागे वर्षाला दोन शिलिंग. म्हणजे १६६६ ला घराची ऐपत धुराड्यांवरून कोणालाही बाहेरूनच कळायची.

२७ एप्रिल

आता परत आणायच्या गोष्टी. यातली एक मला या सगळ्या कामात सर्वांत प्रिय आहे.

न्यूटननं लहानपणी घराच्या दक्षिणेच्या भिंतीतल्या दगडावर चाकूनं सूर्यघड्याळं कोरली. पुढे ते दगड भिंतीतून काढले गेले. एक १८४४ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीला दिला. एक कोल्स्टरवर्थच्या चर्चमध्ये भिंतीत बसवला आहे. त्याखाली लिहिलंय की नऊ वर्षांच्या न्यूटननं तो खिशातल्या चाकूनं कोरला. तो दगड तिथं उलटा बसवलाय. घड्याळाचं डोकं खाली. मी चर्चमध्ये मान तिरकी करून पाहत उभी राहिले होते आणि डोळ्यांत पाणी आलं होतं.

नऊ वर्षांचा. तो तीन वर्षांचा असताना आई शेजारच्या गावच्या पाद्र्याशी लग्न करून गेलेली, हा आजीजवळ. दिवसभर भिंतीवरची सावली सरकताना बघणारं पोर. आणि दगड इतका मऊ की पोराच्या चाकूलाही वाट देतो. काळ्या दगडाच्या घरात हे झालं नसतं.

आज प्रतिकृतीच्या दक्षिण भिंतीत दोन्ही दगड बसवले, सुलटे. चुना ओला असताना सुईनं रेघा ओढल्या. भिंगाशिवाय दिसणार नाहीत, म्हणून समोर भिंग टांगणार आहे.

११ मे

आतलं काम. पुढची भिंत बिजागरीवर उघडते, म्हणजे हॉल, पार्लर आणि वरच्या खोल्या दिसतात.

हॉलच्या चुलीजवळ भिंतीवर सुईच्या टोकानं एक पवनचक्की. घराच्या भिंतींवरच्या ओरखड्यांपैकी काही गेल्या शतकात जुना कागद काढताना सापडले होते. २०१७ मध्ये तिरप्या उजेडात कोनामागून कोन बदलत छायाचित्रं घेण्याच्या तंत्रानं चुलीजवळ ही पवनचक्की दिसली, नुसत्या डोळ्यांना न दिसणारी. ग्रँथमला शिकत असताना जवळच नवी पवनचक्की बांधली जात होती, ती पाहून पोरानं चालणारी छोटी प्रतिकृती केली होती आणि वारा नसेल तेव्हा फिरवायला आत उंदीर ठेवला होता. त्याला तो दळणारा म्हणायचा. प्रतिकृती करणाऱ्याच्या घराची प्रतिकृती करते आहे, हे मला रोज हुरूप देतं.

वरच्या खोलीत फळ्या. विल्यम स्टकली नावाचे वैद्य १७२१ मध्ये घर पाहायला आले, चित्र काढून गेले. ते लिहितात की न्यूटनच्या अभ्यासिकेतले पुस्तकांचे फळे त्यानंच स्वतः केलेले होते, सामान पाठवायच्या देवदारी खोक्यांच्या फळ्यांचे. मीही खोक्याचंच लाकूड घेतलं. आंब्याच्या पेटीचं.

प्रकाशाच्या प्रयोगाचं काय करायचं, यावर सुतारकाकांशी बराच वेळ बोलले. न्यूटननं १६७२ च्या पत्रात मापं दिली आहेत: खिडकीच्या झडपेला पाव इंचाचं भोक, लोलकापासून भिंत २२ फुटांवर, रंगांचा पट्टा सव्वातेरा इंच लांब आणि अडीच इंचांपेक्षा किंचित जास्त रुंद. गोल भोकातून आलेला उजेड लांबट का झाला, हाच त्याचा प्रश्न. माझ्या प्रमाणात २२ फूट म्हणजे १३४ मिलिमीटर आणि पट्टा पावणेसात मिलिमीटर. त्या काळात तो केंब्रिज आणि घर असा ये-जा करत होता, त्यामुळे तोच प्रयोग याच खोलीत, असं भिंतीवर रंगवून ठेवणं मला पटत नाही. फक्त एक झडप बंद केली आणि तिला सुईनं भोक पाडलं. मुलं टॉर्च लावून बघतील.

२१ मे

काल पहाटे डॉ. जयंत नारळीकर गेले. दिवसभर कामात लक्ष लागलं नाही.

पुण्याला आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेच्या आवारात न्यूटनच्या झाडाच्या वंशातलं सफरचंदाचं झाड लावलेलं होतं. विद्यार्थ्यांना घेऊन गेले होते तेव्हा पाहिलं होतं. पुण्याची हवा त्याला मानवली नाही, ते टिकलं नाही. न्यूटनचा पुतळा तिथं आहे. केंब्रिजहून परत येऊन नारळीकरांनी आपल्या मुलांसाठी मराठीत लिहिलं, म्हणून माझ्यासारख्या खेड्यातल्या शिक्षिकेच्या घरात न्यूटन आला.

संध्याकाळी झाडाला हात घातला. आजच्या छायाचित्रांत ते वाकडं, जमिनीवर टेकून पुन्हा वर उठलेलं दिसतं, कारण एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला वादळात ते आडवं झालं आणि मुळं शाबूत राहिल्यामुळे पुन्हा फुटलं. १६६६ ला ते सरळ उभं होतं. वाण 'फ्लॉवर ऑफ केंट', शिजवून खायचं, आंबटसर सफरचंद. डाळिंबाच्या वाळक्या फांदीचं सरळ झाड केलं, घरासमोरच्या बागेत लावलं. फळं मोहरीची.

८ जून

अंगण, कोठार, मेंढ्या. मेंढ्या २३४ बसत नाहीत, ४० केल्या. बापाच्या वेळचा आकडा पाटीवर.

२२ जून

कुंपण राहिलं होतं. काकांनी विणलेल्या काड्यांचं फार देखणं केलं, एकसारखं, चारी बाजूंनी बंद. मी त्यांना म्हटलं, "काका, एका ठिकाणी मोडा."

ते माझ्याकडे बघतच राहिले. मग त्यांना १६५९ ची हकिकत सांगितली. आईनं सोळा वर्षांच्या पोराला शाळेतून काढून शेतीवर आणलं होतं. त्या ऑक्टोबरात गावच्या न्यायसभेनं त्याला दंड केला. मेंढ्यांनी दुसऱ्याच्या शेतात नुकसान केलं म्हणून तीन शिलिंग चार पेन्स. डुकरं पिकात शिरली म्हणून एक शिलिंग. आणि आवाराचं कुंपण दुरुस्त ठेवलं नाही म्हणून आणखी एक शिलिंग. पुढल्या वर्षी शाळेच्या मास्तरांनी आणि मामानं आईची समजूत घालून त्याला पुन्हा शाळेत पाठवलं.

"साल तर सहासष्टचं म्हणालात," काका म्हणाले. बरोबर आहे. माझाच नियम. सात वर्षांत कोणीतरी ते कुंपण नीट केलं असणार.

थोडा वेळ दोघंही गप्प बसलो. मग काकांनीच तोड काढली. कुंपण मोडलं नाही; एका जागी जुन्या काळ्या काड्यांमध्ये चार नव्या पिवळ्या काड्या विणल्या. दुरुस्त केलेलं कुंपण. जवळून पाहिलं की जागा कळते.

एक मेंढी त्या जागेसमोर उभी केली, तोंड पलीकडच्या शेताकडे.